जमिनीवरची दहा माणसे

रत्नागिरीहून कोकण रेल्वेने मुंबईकडे निघालेल्या प्रवाशाला उजव्या बाजूची खिडकी मिळाली, तर त्याला एक मौजेचा देखावा पाहायला मिळतो. रुळांलगतची करवंदीची जाळी क्षणार्धात मागे पडते. तिच्या पलीकडची भातखाचरे जरा संथपणे सरकतात. आणि दूरवरचा सह्याद्री तर जणू आपल्या बरोबरीने चालत असतो. आपण जागचे हललेले नसतो, पण भूमी मात्र अखंड मागे वाहत असते. भोके स्थानक मागे पडले, की गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरते आणि हा सारा देखावा एकाएकी मिटतो.

कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. परंतु नजरेसमोरून आडवी वाहत जाणारी ही भूमी त्याच्या कितीतरी आधी संगणकाच्या पडद्यावर अवतरली होती. ज्या खेळांविषयी मी येथे लिहिणार आहे, त्यांचे सारे मर्म या एका युक्तीत आहे. पडद्याच्या डाव्या बाजूला एक चिमुकले विमान असते. ते फारसे पुढे जात नाही. जमीनच उजवीकडून डावीकडे सरकत येते. त्या जमिनीवर डोंगर असतात, गुहा असतात, वर झेपावणारी क्षेपणास्त्रे असतात. विमानाने वर-खाली होत स्वतःला वाचवायचे, समोर गोळ्या झाडायच्या आणि खाली बॉम्ब टाकायचे. जपानच्या कोनामी कंपनीचा ‘स्क्रँबल’ आणि अमेरिकेतील विल्यम्स कंपनीसाठी यूजीन जार्विस व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेला ‘डिफेंडर’, हे या घराण्याचे दोन मूळपुरुष. दोन्ही १९८१ साली नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांतून लोकांसमोर आले, आणि लवकरच त्यांच्या लहानमोठ्या नकला घरगुती संगणकांवर उतरल्या.

एका धर्मगुरूने असल्या विषयासाठी लेखणी का झिजवावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. त्याचे उत्तर असे, की धर्मग्रामातील आईबाप हल्ली माझ्याकडे ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यांत दारू आणि जमिनीच्या वाटण्या यांच्या खालोखाल मोबाइलवरील खेळांचा क्रमांक लागतो. ‘फादर, तुम्हीच त्याला काही सांगा,’ या वाक्याने ती तक्रार संपते. काय सांगावे याचा विचार करू लागलो, की मला आजचे खेळ आठवण्याऐवजी हे जुने खेळच आठवतात. ते मी स्वतः खेळलो आहे, आणि त्यांचे नियम इतके थोडे होते की त्यांचे हृदय उघड दिसत असे.

१९८८ सालचा मे महिना. त्याच वर्षी जूनमध्ये मी सेमिनरीत दाखल व्हायचा होतो. त्यापूर्वीचे तीन आठवडे मी पुण्याला मामांच्या घरी घालवले. माझा मामेभाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याच्याकडे ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावाचा संगणक होता. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक बाजारात आणला होता. त्याच्या सुधारलेल्या आवृत्तीला ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवान्याने येथे आणून हे नाव दिले होते. संगणक म्हणजे काय, तर एक काळी चपटी पेटी. तिच्यावरच टंकलेखनाच्या कळा. तिला स्वतःचा पडदा नव्हता; घरातला दूरदर्शन संच हाच तिचा पडदा. आणि तिची स्मृती म्हणजे साधा कॅसेट रेकॉर्डर.

खेळ सुरू करायचा तर कॅसेट लावून वाट पाहावी लागे. टेपमधून एक कर्कश, चिरका स्वर निघे, पडद्याच्या कडेने रंगीत पट्टे थरथरत, आणि मोठा खेळ यंत्रात उतरायला पाचेक मिनिटे लागत. मध्येच वीज गेली, विजेचा दाब कमी झाला अथवा टेपवर धुळीचा कण बसलेला असला, की सारे पुन्हा पहिल्यापासून. मामी त्या आवाजाला ‘यंत्राचे रडणे’ म्हणत. ही पाच मिनिटे आम्ही दोघे भाऊ भिंतीला टेकून बसत असू आणि जगातील सगळ्या विषयांवर बोलत असू. मी सेमिनरीत का चाललो आहे, हे त्याने मला याच पाच मिनिटांत विचारले होते.

त्या यंत्राचे सामर्थ्य किती तुटपुंजे होते, हे आजच्या मुलांना सांगूनही पटणार नाही. त्याची स्मृती ४८ किलोबाइट. आज मोबाइलवर येणारे एखादे शुभेच्छांचे चित्रसुद्धा बहुधा त्याहून मोठे असते. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. हा सारा देखावा स्मृतीच्या ६,९१२ बाइटांत मावत असे. पडदा आपोआप सरकवण्याची कोणतीही सोय त्या यंत्रात नव्हती. डोंगर एक पाऊल डावीकडे सरकवायचा, तर त्याचा ठिपका न् ठिपका एका मुख्य चिपनेच उचलून नव्या जागी ठेवायचा. त्या चिपचा वेग ३.५ मेगाहर्ट्‌झ. दूरदर्शनचा पडदा सेकंदाला पन्नास वेळा नवे चित्र मागत असे, आणि तेवढ्या अवधीत सगळा पडदा सरळ मार्गाने हलवणे त्या चिपला शक्यच नव्हते. म्हणून कार्यक्रम लिहिणारे एक शक्कल लढवत. ते डोंगराची केवळ कड रेखीत आणि तेवढीच कड हलवीत. आतला भाग तसाच राही. पाहणाऱ्याला अख्खा डोंगर चालल्याचा भास होई.

त्या काळातील दुसरी यंत्रे या बाबतीत अधिक भाग्यवान होती. ‘कमोडोर ६४’ मध्ये पडदा सरकवण्याची सोय यंत्रातच होती. ब्रिटनचा ‘बीबीसी मायक्रो’, जो भारत सरकारच्या १९८४ सालच्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पातून आपल्या देशातील काही शाळांत आला, त्यालाही ती देणगी लाभली होती. स्पेक्ट्रमला ती नव्हती, आणि तरीही त्याच्यावर डोंगर चालले. गरिबाच्या स्वयंपाकघरात चव कोठून येते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

आता त्या खेळांच्या नियमांकडे वळतो. माझ्या मनात जी गोष्ट रुतून बसली, ती तेथे आहे.

‘स्क्रँबल’मध्ये विमानाचे इंधन सतत कमी होत असते. ते संपले, की विमान खाली कोसळते. इंधन मिळवायचे कसे? तर जमिनीवर इंधनाच्या टाक्या असतात. त्या बॉम्ब टाकून उडवायच्या. टाकी नष्ट झाली, की तुमचे इंधन वाढते. प्रथम मला हा विनोद वाटला. एखाद्याने भाताची कोठारे जाळावीत आणि त्यामुळे त्याचेच पोट भरावे, असा हा प्रकार! पण खेळता खेळता ध्यानात येते, की या नियमात मोठी खुबी आहे. खेळाडूला शांत राहण्याची मुभाच उरत नाही. मी कोणाच्या वाटेला जाणार नाही, नुसता उडत राहीन, असे तो म्हणू शकत नाही. जगायचे तर नाश करीत राहिले पाहिजे. आणि जमीन थांबत नाही. मागे फिरता येत नाही. जे सुटले ते सुटले. खाली कोणी राहते काय, हा प्रश्न त्या खेळात उद्भवतच नाही. खाली कोणी नसतेच.

‘डिफेंडर’ याच घराण्यातला, पण स्वभावाने निराळा. त्यात जमिनीवर माणसे असतात. अगदी इवलीशी, मोजून दहा. अंतराळातून आलेली परकी याने खाली उतरतात, एकेका माणसाला उचलतात आणि वर घेऊन जाऊ लागतात. पडद्याच्या माथ्यापर्यंत ती पोहोचली, की तो माणूस गेला; आणि ज्या यानाने त्याला नेले ते अधिकच हिंस्र बनून तुमच्यावर चाल करून येते. तुम्ही वेळीच त्या यानाला टिपले, तर माणूस सुटतो, पण तो उंचावरून खाली पडू लागतो! मग विमान वेगाने त्याच्याखाली नेऊन त्याला अलगद झेलायचे आणि जमिनीवर आणून ठेवायचे. दहाही माणसे गेली, तर त्या ग्रहाचाच स्फोट होतो.

त्यातील गुणांचा हिशेब मला आजही पाठ आहे. माणसे पळवणारे यान उडवले तर १५० गुण. पडणाऱ्या माणसाला हवेत झेलले तर ५००, आणि त्याला सुखरूप जमिनीवर ठेवले तर आणखी ५००. आणखी एक गोष्ट. ‘डिफेंडर’मधील विमानाला मागे वळता येते. वळण्यासाठी स्वतंत्र कळच असते. पडद्याच्या वरच्या बाजूला साऱ्या ग्रहाचा छोटा नकाशा दिसतो. आपल्या पाठीमागे कोणाला उचलून नेले जात आहे, हे त्यात कळते, आणि मग आपण वळून त्याच्याकडे जातो.

यंत्र एकच, कळा त्याच, बोटांची चपळाई तीच. तरीही एक खेळ खेळून उठल्यावर मामेभावाच्या तोंडी भाषा असे, ती ‘किती उडवले’ याची. आणि दुसरा खेळून उठल्यावर, ‘किती राहिले’ याची. हा फरक तेव्हाही माझ्या कानांनी टिपला होता.

अर्थात, ‘डिफेंडर’ला मी साधुत्व बहाल करीत नाही. आपली गोळी माणूस आणि शत्रू असा भेद करीत नाही. घाईत झाडलेल्या गोळीने ज्याला वाचवायचे तोच मरतो. शिवाय, मी रक्षणकर्ता आहे असे एकदा ठरले, की कितीही गोळ्या झाडायला मन मोकळे होते. रक्षणाच्या नावाने जगात काय काय घडते, हे इतिहास वाचणाऱ्यांना सांगायला नको. तरीही खाली माणसे असणे आणि नसणे, यांत अंतर आहेच.

कॅसेटींच्या त्या ढिगात ‘पेनिट्रेटर’ नावाचा आणखी एक खेळ होता. ऑस्ट्रेलियातील फिलिप मिचेल आणि व्हेरोनिका मेग्लर यांनी १९८२ साली तो स्पेक्ट्रमसाठी रचला. तसा तो ‘स्क्रँबल’चाच भाऊबंद, पण त्यात एक अपूर्व सोय होती. खेळाडूला स्वतःची भूमी रेखाटता येई. डोंगर कोठे चढावा, गुहा कोठे अरुंद व्हावी, क्षेपणास्त्र कोठे उभे असावे, हे सारे त्यानेच ठरवायचे. माझ्या मामेभावाने त्या सुट्टीत रत्नागिरीचा किनारा रेखाटला. मासेमारीच्या होडीतून दिसतो तसा: डावीकडे मिऱ्याचा डोंगर, मग मिरकरवाडा, मग रत्नदुर्गाची उंच नाकाडी, मांडवीचा सपाट किनारा आणि शेवटी भाट्याच्या खाडीचे तोंड. रत्नदुर्गावर त्याने क्षेपणास्त्रांची रांग लावली. मांडवीच्या मागे मात्र चार बोटे जागा त्याने मोकळी ठेवली. तेथे काही का नाही, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘तिथे आजीचं घर आहे.’

खेळाच्या निर्मात्यांनी जमिनीवर माणसे ठेवली नव्हती. त्या सोळा वर्षांच्या मुलाने एक ठेवले. ते पडद्यावर दिसत नव्हते, पण विमान त्या चार बोटांवरून जाताना तो गोळी झाडीत नसे. ती कॅसेट नंतर आजीच्या घरी आली आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात तिला बुरशी लागली. आजी गेली. घरही राहिले नाही. मामेभाऊ संगणक अभियंता होऊन परदेशी स्थायिक झाला आहे. माझ्या नेमणुका होत होत अखेरीस मी याच शहरात येऊन पोहोचलो. मांडवीच्या बंधाऱ्यावर संध्याकाळी फिरायला गेलो, की तो किनारा मला डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतो.

१९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झाले, तेव्हा मी सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. बातम्यांमध्ये विमानातून टिपलेली दृश्ये दाखवीत: करड्या रंगाची जमीन सरकते, एका इमारतीवर फुलीची खूण स्थिरावते, मग एक पांढरा लोळ. आवाज नाही, माणूस नाही. त्या युद्धाला जगभरातील पत्रकारांनी ‘व्हिडिओ गेमचे युद्ध’ असे नाव दिले. सेमिनरीच्या सभागृहात आम्ही विद्यार्थी ते पाहत असताना मला ‘स्क्रँबल’च्या टाक्या आठवल्या. मुले खेळ खेळून सैनिक बनतात, असे मी म्हणत नाही; माझा मामेभाऊ मुंगीलाही चुकवून चालणारा माणूस आहे. पण उंचावरून, वेगाने आणि पडद्यामधून पाहताना खालची माणसे आपोआप पुसली जातात, हे मला त्या दिवशी कळले. त्यांना पुन्हा तेथे ठेवायचे, तर कोणी तरी मुद्दाम ठेवावी लागतात.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश मुले आणि माध्यमे या विषयाला वाहिला होता. करमणुकीच्या नावाखाली हिंसेचे उदात्तीकरण करणाऱ्या निर्मितीवर, त्यात व्हिडिओ खेळांचा स्पष्ट उल्लेख करून, त्यांनी कठोर टीका केली. त्याच संदेशात त्यांनी सौंदर्य आणि चांगुलपणा ओळखण्याची नजर मुलांना देण्याची जबाबदारी पालकांवर, शाळेवर आणि चर्चवर टाकली आहे. आपण बहुधा यातला पहिला भाग लक्षात ठेवतो आणि दुसरा सोयीस्करपणे विसरतो.

आता अलीकडचा एक प्रसंग सांगतो. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. धर्मग्रामातील एक माता चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मुलगा रात्री साडेअकरा-बारापर्यंत मोबाइलवर गोळीबाराचा खेळ खेळतो, सकाळी शाळेत डुलक्या घेतो, अभ्यासात घसरला आहे. तिची इच्छा एकच: मी त्याच्याकडून खेळ सोडल्याची शपथ घ्यावी.

मी मुलाला म्हणालो, ‘मला खेळून दाखव.’ त्याला आश्चर्य वाटले. आईला तर अधिकच. माझ्या शेजारी बसून त्याने खेळ सुरू केला. चारजणांचा चमू, बेटावरची लढाई. खेळ क्षणात उघडला. वाट पाहण्याची ती पाच मिनिटे आता कोणालाच लाभत नाहीत. थोड्या वेळाने मी विचारले, ‘यात तुझं काम काय?’

‘टिपायचं,’ तो म्हणाला. मग थोडे थांबून म्हणाला, ‘आणि पप्पा पडले की उचलायचं.’

त्याचे वडील चार वर्षे कुवेतमध्ये नोकरीला आहेत. त्यांची पाळी तेथील घड्याळाने रात्री आठला संपते. तेव्हा रत्नागिरीत साडेदहा झालेले असतात. खोलीवर पोहोचून ते मोबाइल उघडतात, आणि बापलेक एकाच चमूत खेळतात. खेळात कोणी जखमी होऊन पडला, तर सोबत्याने जवळ जाऊन काही सेकंद थांबायचे, म्हणजे तो पुन्हा उभा राहतो. त्या काही सेकंदांत आपल्यावर गोळी येऊ शकते. ‘पप्पा हळू आहेत,’ मुलगा म्हणाला, ‘सारखे पडतात. मी थांबतो त्यांच्यासाठी.’

आईला ते दोघे एकत्र खेळतात हे माहीत होते. पण मुलगा तिथे कोणाची तरी राखण करतो आहे, हे तिला नवे होते. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मी शपथ घ्यायला लावली नाही. पण झोपेचे खोबरे होते, ही तिची तक्रार खरी होती. वडिलांशी खेळून झाल्यावर मुलगा अनोळखी लोकांबरोबर आणखी तासभर खेळत राही, हेही त्याने कबूल केले. त्या तासात कोणासाठी थांबतोस, असे विचारल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही तिघांनी मिळून हिशेब केला. कुवेतमध्ये शुक्रवारी सुट्टी. शुक्रवारी आपल्याकडे संध्याकाळचे आठ वाजतात, तेव्हा तेथे साडेपाच असतात. तो एक तास बापलेकांचा. इतर दिवशी वडिलांशी फोनवर बोलणे, तेही दहा मिनिटे, आणि मोबाइल आईच्या खोलीत. वडिलांशी मी फोनवर बोललो. ते सुरुवातीला ओशाळले, मग म्हणाले, ‘फादर, तो मला उचलायला येतो तेव्हा बरं वाटतं.’ ही व्यवस्था किती दिवस टिकेल, हे मी सांगू शकत नाही. दोन शुक्रवार ती मोडल्याचे त्या माउलीने मला कळवले आहे, आणि नंतर ती पुन्हा सांधल्याचेही.

म्हणून आपल्या धर्मग्रामातील आईबापांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाच्या हातून मोबाइल हिसकावण्याआधी पंधरा मिनिटे त्याच्याजवळ बसा. तो काय करतो आहे, हे त्यालाच समजावून द्यायला सांगा. यात तुझे इंधन कशावर चालते, ते विचारा. खाली जमिनीवर कोणी आहे का, ते विचारा. मागे वळता येते का, आणि कोणासाठी वळतोस, ते विचारा. काही खेळांत याचे उत्तर ‘कोणी नाही’ असेच येईल. तो खेळ घरात ठेवायचा की नाही हे ठरवणे मग तुम्हांला आणि बहुधा मुलालाही सोपे जाईल. काही खेळांत मात्र एखादे अनपेक्षित उत्तर मिळेल. आणि ते उत्तर आधी ऐकले, तर पुढे ‘आता पुरे, झोपायला जा’ असे बजावताना तुमच्या शब्दाला वजन येईल. मुलांना दटावणे सोपे आहे, त्यांच्याशेजारी बसणे वेळखाऊ आहे. पूर्वी तो वेळ कॅसेटच आपल्याला काढून देत असे. आता तो आपण होऊन काढावा लागेल.